सतरावा रकाना

दोनशे बारा माणसं माझ्या पडद्यावर,
प्रत्येकी एक ओळ.
वय, स्टेज, हिमोग्लोबिन, गाठ किती सेंटिमीटर,
रेडिएशनच्या किती खेपा चुकल्या,
आणि सगळ्यात शेवटी
महिने किती, आणि त्यापुढे एक किंवा शून्य.

एक म्हणजे गेला.
शून्य म्हणजे आहे;
किंवा असेल; शेवटचा दिसला तेव्हा होता.
नवी पोरं हटकून उलटं भरतात.
जगण्याला शून्य का, हे मलाही कुणी सांगितलं नाही.
बिरमोळे सर म्हणाले, सवय होईल.
झाली.

खारघरच्या टेकडीला मार्चात वणवा लागतो,
खिडकीच्या काचेवर राख येऊन बसते.
तिसऱ्या मजल्यावर मी आलेख काढते :
एक जिना, फक्त उतरणारा.
कुणी गेलं की एक पायरी.
ज्यांचा पत्ताच लागत नाही त्यांची पायरी पडत नाही,
सपाटीवर नुसती बारीक उभी रेघ,
जिन्यात कुणी छत्री टेकवून विसरावी तशी.

सतरावा रकाना माझा हट्ट. सर म्हणाले होते, कशाला?
'सोबत कोण' : नवरा, मुलगा, सून, शेजारी, कोणी नाही.
एकसष्ट जणांपुढे 'कोणी नाही'.
त्यांचा जिना भराभर उतरत गेला.
पी-व्हॅल्यू ०.०४७.
त्या दिवशी सरांनी स्वतः उठून चहा सांगितला.

मग उरल्या उभ्या रेघा तपासायच्या.
केस एकशे एकोणनव्वद, चांगुणा पदू घरत,
गालाचा कॅन्सर, तिसरी स्टेज,
पाचव्या महिन्यानंतर नोंद नाही.
सोबत : कोणी नाही.
फोन अस्तित्वात नाही.
पत्ता चिंचपाडा,
तोही अस्तित्वात नाही,
विमानतळाला जागा हवी म्हणून गाव उठलं.
बाई आमच्या हातून निसटते, हे रोजचंच.
इथे बाईला कडेवर घेऊन गावच निसटलेलं.

शनिवारी पनवेलच्या मासळी बाजारात विचारत विचारत
वडघरच्या नव्या सेक्टरात पोचले.
घरांना अजून रंगाचा वास.
ती पायरीवर बसून सुकट निवडत होती,
तोंड एका बाजूला ओढलेलं, अर्धंच उघडणारं.
माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून म्हणाली,
"अजून नाय मेली गो मी."

एकेचाळीस महिने. वहीत लिहिलं.
शून्य तसाच राहिला.

सोमवारी पुन्हा चालवलं. ०.०५३.
एक बाई जगली आणि निष्कर्ष हुकला.
सर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले,
मग म्हणाले, पुन्हा एकदा तपास.
मी मान खाली घालून हसू गिळलं.

त्यांना सांगितलं नाही ते हे,
की निघताना कागदात सुकट बांधून देत ती म्हणाली होती :
"एकटी कशी? आमी पाच जनी यायचू.
टोपल्यांना वास मारतो म्हनून वॉचमन आत सोडीत नव्हता.
चौघी गेटावर बसायच्या,
माज्या वाट्याचं म्हावरं पन त्याच विकायच्या."

फॉर्म भरायच्या खिडकीतून गेट दिसत नाही.
तो फॉर्म मीच भरला होता.

आता तिच्यापुढचं 'कोणी नाही' खोडू?
आणि बाकीचे साठ?
त्यातल्या त्रेचाळीस जणांपुढे एक आहे.
त्यांच्यासाठी बाहेर उन्हात कोण बसलं होतं,
कुणाच्या हातात डबा होता,
कुणाला आत सोडलं नव्हतं,
हे सांगायला ते फोन उचलत नाहीत.

रकाना उघडाच आहे.
बॅगेला सुकटीचा वास अजून येतो.
सकाळी वॉचमनने नाकाला रुमाल लावला,
आणि मला आत सोडलं.